कोरियाचे ताट आणि आमचा खलिया

गेल्या पावसाळ्यात घरभेटीच्या निमित्ताने आम्ही मुकुंदवाडीतील एका कुटुंबाकडे गेलो होतो. प्रार्थना झाली, घराला आशीर्वाद दिला आणि निघावे म्हणून उठलो, तोच थोरला मुलगा कामावरून आला. शेंद्र्याच्या बाजूला एका कारखान्यात तो पाळीने काम करतो. "फादर, वीस मिनिटं थांबा, आज मी स्वयंपाक करणार आहे," असे म्हणून त्याने आम्हाला पुन्हा खाली बसविले. आई मात्र अवघडली. जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "फादर, आज बड्याचं आहे हो. तुम्हाला चालेल ना?" आम्ही होकार दिला. तरीही ती उठली आणि ओट्यावरची खिडकी तिने लावून घेतली. मुलाने काही न बोलता ती पुन्हा उघडली. थोड्या वेळाने आईने ती पुन्हा लावली.

जेवण उत्तम झाले. पण घरी परतल्यावर त्या खिडकीने आमचा पिच्छा सोडला नाही. या लेखाचे निमित्त तेच.

प्रथम मुलाने काय रांधले ते सांगू, कारण वाचक भगिनी ते विचारल्यावाचून राहणार नाहीत. त्याने आधी आंबेमोहोर तांदूळ धुऊन कुकरमध्ये चढविला. बासमती मोकळा होतो. या जेवणाला थोडा चिकट, एकमेकांना धरून राहणारा भात लागतो, असे त्याचे म्हणणे. मग रुंद कढई चांगली तापवून तीत अर्धा किलो म्हशीचा खिमा टाकला आणि आच मोठीच ठेवली. म्हशीच्या मांसात चरबी कमी असते. आच मंद ठेवली तर ते आपल्याच पाण्यात शिजून रबरासारखे होते. पाणी आटून खिमा तांबूस होऊ लागला तेव्हा भरपूर ठेचलेला लसूण, किसलेले आले, पाव वाटी सोया सॉस, दोन चमचे चिरलेला गूळ आणि भरडलेली लाल मिरची त्यात गेली. मीठ घातले नाही, कारण सॉसचा खारटपणा पुरेसा होतो. कोरियात भाजलेल्या तिळाचे तेल वापरतात. ते घरात नव्हते, म्हणून त्याने तीळ तव्यावर भाजून खलबत्त्यात कुटले आणि कांद्याच्या पातीबरोबर वरून भुरभुरले. कुकरची वाफ जिरली तोवर खिमाही तयार होता. खोलगट ताटलीत भात आणि त्यावर हा गोड, तिखट, खमंग खिमा. पोळी नाही, भाजी नाही, आमटी नाही. "ह्याला जेवण म्हणायचं का?" असे आई दोनदा म्हणाली आणि दोनदा वाढून घेतले.

ही पाककृती त्याला कोठून मिळाली? शेंद्रा औद्योगिक वसाहतीत ह्योसंग या कोरियन कंपनीचा स्पँडेक्स धाग्याचा कारखाना २०१९ पासून सुरू आहे आणि त्या निमित्ताने कोरियन माणसे आपल्या शहरात दिसू लागली. मुलगा तेथे नोकरीला नाही. पण त्याचा एक मित्र आहे, आणि बाकीचे काम मोबाईलने केले. तथापि खरे सांगायचे तर हा पदार्थ जसाच्या तसा कोरियातला नव्हे. कोरियात 'बुलगोगी' करतात. बुल म्हणजे आग आणि गोगी म्हणजे मांस. बैलाच्या मांसाचे पातळ काप सोया सॉस, लसूण, तिळाचे तेल आणि किसलेल्या नासपतीत मुरवून निखाऱ्यावर भाजायचे. आपल्याकडे मांस मऊ व्हावे म्हणून कच्ची पपई लावतात. तेच काम तेथे नासपती करते. १९६५ साली अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा बदलला आणि कोरियन कुटुंबे मोठ्या संख्येने तिकडे गेली. काप करण्याची सवड नाही आणि चांगले मांस महाग, तेव्हा खिम्यावर भागविण्याची ही सोपी रीत अमेरिकेतील घरांतून रूढ झाली. म्हणजे ही थकून घरी आलेल्या माणसाची पाककृती आहे. मुकुंदवाडीत ती रुजली यात नवल ते काय?

आता कोरियाकडे वळू. आज मांस भाजण्यासाठी प्रसिद्ध असलेला हा देश एके काळी मांसापासून दूर होता. गोरियो राजवटीत बौद्ध धर्माचा प्रभाव मोठा होता. चीनच्या सोंग दरबाराचा दूत शू जिंग ११२३ साली तेथे गेला. तेथील लोकांना जनावर नीट कापताही येत नाही, असे त्याने आपल्या वृत्तांतात नोंदवून ठेवले. पुढे १२३१ पासून मंगोलांच्या स्वाऱ्या सुरू झाल्या, देश त्यांच्या वर्चस्वाखाली गेला आणि गोमांस खाण्याची चाल पुन्हा वाढली. १३९२ मध्ये चोसन राजवट आली. तिने बौद्ध मठांचा प्रभाव मोडून काढला आणि कन्फ्यूशियसची शिकवण राज्याचा पाया मानली. आता मांसाला धर्माची आडकाठी उरली नाही. पण राज्याची आली. बैल नांगराला हवा म्हणून त्याच्या कत्तलीस बंदी करणारे हुकूम या राजवटीने पुन:पुन्हा काढले. हुकूम पुन:पुन्हा काढावा लागतो याचा अर्थ तो पाळला जात नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही. दरबारी मंडळी गोमांस आवडीने खात होती. गंमत अशी की राजधानीत मांसविक्रीचे परवाने ज्यांच्याकडे होते, ते लोक सोंगग्युनग्वान या कन्फ्यूशियन विद्यापीठाचे सेवेकरी होते. विद्वानांच्या दारातच परवानगीचा गाळा! आमच्या सेमिनरीच्या दिवसांत इतिहासाचे शिक्षक अशा गोष्टी सांगू लागले की वर्गाला जाग येत असे.

खाणारे प्रतिष्ठित राहिले. कापणारे मात्र विटाळले. जनावरे कापणे, कातडी कमावणे, बुरूडकाम करणे ही कामे ज्यांच्याकडे होती त्यांना 'बेकजोंग' म्हणत. या शब्दाची कथा ऐकण्यासारखी आहे. मुळात बेकजोंग म्हणजे साधा शेतकरी, सामान्य रयत. या तिरस्कृत लोकांना रयतेत सामावून घ्यावे म्हणून सेजोंग राजाने १४२३ साली त्यांची जुनी नावे टाकून त्यांना हे नाव दिले. झाले उलटेच. रयतेने ते नाव वापरण्याचे सोडून दिले, आणि बघता बघता बेकजोंग हीच शिवी झाली. बेकजोंगांची वस्ती गावापासून वेगळी. त्यांनी कौलारू घर बांधू नये, रेशीम नेसू नये, इतर पुरुष घालतात ती घोड्याच्या केसांची टोपी घालू नये. म्हाताऱ्या बेकजोंगानेही दुसऱ्याच्या पोरासमोर नमून बोलावे. मराठवाड्यातील वाचकाला यातले काही परके वाटेल काय? आम्हाला वाटले नाही. आमच्या धर्मग्रामांतील पुष्कळ कुटुंबांचे आजे-पणजे गावकुसाबाहेर राहिलेले आहेत.

या बेकजोंगांपैकी एकाचे नाव आपल्या कॅथलिक घरांत माहीत असायला हवे, पण ते फारसे कोणी ऐकलेले नाही. ह्वांग इल-ग्वांग, बाप्तिस्म्याचे नाव सायमन. जन्म १७५७ चा. कोरियातील ख्रिस्तसभा परदेशी मिशनऱ्यांनी स्थापन केलेली नाही, हे वाचकांनी ऐकले असेल. तेथील काही विद्वानांनी चीनमधून आलेली धर्मपुस्तके वाचली. त्यांपैकी यि सुंग-हुन याने १७८४ साली बीजिंगला बाप्तिस्मा घेतला आणि परत येऊन इतरांना दिला. हे सगळे उच्चकुलीन पंडित. त्यांच्या घरात सायमन हा खाटीक शिरला. पंडितांनी त्याला आपल्याच खोलीत, आपल्याच शेजारी बसविले. त्या समाजात हे अघटित होते. आपल्या बांधवांनी मला ज्या रीतीने वागविले ती पाहता मला दोन स्वर्ग आहेत, एक येथे पृथ्वीवर आणि दुसरा मेल्यानंतर, अशा आशयाचे उद्गार तो काढीत असे. १८०१ च्या छळात तो पकडला गेला, त्याने श्रद्धा सोडली नाही, आणि १८०२ च्या आरंभी त्याच्या जन्मगावी, होंगजू येथे त्याचा शिरच्छेद झाला. १६ ऑगस्ट २०१४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी सोल येथे १२४ रक्तसाक्षींना 'धन्य' घोषित केले, त्यांत हा खाटीकही आहे.

आमच्या प्रॉटेस्टंट बंधूंकडेही अशीच एक कथा आहे. सोलमधील पार्क सोंग-चुन नावाचा खाटीक तापाने मरणोन्मुख झाला असता डॉ. ऍव्हिसन त्याच्या झोपडीत गेले. हे राजाचे वैद्य. राजाच्या नाडीला लागलेला हात आपल्याही नाडीला लागला, हे पाहून तो माणूस हलून गेला आणि १८९५ साली त्याने बाप्तिस्मा घेतला. पण तो चर्चमध्ये येऊ लागताच काही प्रतिष्ठित सभासदांनी तेथे येणे सोडले. हेही सांगितले पाहिजे. केवळ गोड भाग सांगून चालणार नाही. १८९४ च्या सुधारणांनी कायद्याने जातिभेद मोडला होता, परंतु कायदा मंदिराच्या नि चर्चच्या बाकापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. त्या खाटकाचा मुलगा पार्क सो-यांग १९०८ साली कोरियातील पाश्चात्त्य वैद्यकाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक झाला. आणि १९२३ साली जिंजू शहरात बेकजोंगांनी 'ह्योंगप्योंगसा' ही आपली संघटना उभारली. नावाचा अर्थ तराजूची संस्था. खाटकाच्या दुकानातला तराजू त्यांनी समतेचे चिन्ह केले.

त्यानंतर चार वर्षांनी, मार्च १९२७ मध्ये, महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच परिषदेत त्यांनी आपल्या बांधवांना मृत जनावराचे मांस खाण्याचे सोडा, असे बजावले होते. पुढे १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात त्यांनी गोमांसभक्षण आणि अस्पृश्यता यांचा संबंध जोडून दाखविला. त्यांच्या उपपत्तीवर विद्वानांत मतभेद आहेत. पण ताटातल्या मांसावरून माणसाची पायरी ठरविली गेली, हे कोण नाकारील? मराठवाड्यात मेलेले ढोर ओढून नेणे हे बलुत्याचे काम होते, आणि त्याचे मांस हा त्या कामाचा मोबदला समजला जाई. ते एकदम संपत नसे म्हणून त्याच्या लांब वाद्या कापून उन्हात वाळवीत. त्या 'चान्या' पावसाळ्यात उपयोगी पडत. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात हे सारे खाणे मोकळेपणाने नोंदविले. आमच्याकडील काही वृद्ध मंडळींना तो विषय आजही नकोसा वाटतो. त्यांना दोष देण्याचे धैर्य आमच्याजवळ नाही. मुकुंदवाडीच्या त्या आईने खिडकी लावली, ती पहिल्यांदा या कारणाने असावी.

दुसरे कारण अलीकडचे. महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणिरक्षण कायद्याने गायीच्या कत्तलीस बंदी होती. बैल व वळू यांनाही ती लागू करणारी दुरुस्ती विधिमंडळाने १९९५ साली केली आणि तिला राष्ट्रपतींची संमती मार्च २०१५ मध्ये मिळाली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी उचलून धरली. मात्र राज्याबाहेर कापलेले असे मांस बाळगणे हा गुन्हा ठरविणारे कलम रद्द केले. म्हैस या बंदीत येत नाही. योग्य तो दाखला घेऊन कापलेल्या म्हशीचे मांस कायदेशीर आहे, आणि आमच्या बाजारात 'बड्याचे' म्हणून मिळते ते हेच. पण वासाला दाखला जोडता येत नाही. शेजाऱ्याला काय वाटेल, कोणी काय बोलेल, या धास्तीने कायद्याने मान्य असलेले जेवणही माणसे दार लावून जेवतात. शेजाऱ्याच्या भावना दुखवू नयेत, हे संत पौलाने करिंथकरांना आणि रोमकरांना मांसाच्याच प्रश्नावर लिहून कळविले आहे, आणि ते आम्ही प्रवचनात सांगत आलो. पण बंधुप्रेमाने आवरते घेणे निराळे आणि भीतीने दडणे निराळे. पौलाच्या पत्रातला माणूस आपण होऊन हात आखडता घेतो.

या शहराचा इतिहास पाहिला तर दडण्याजोगे येथे काही नाही. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ज्याने नान-खलिया खाल्ला नाही त्याने शहर पाहिले नाही, असे जुने लोक मानीत. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली दिल्लीची राजधानी दौलताबादेस हलविली, तेव्हा त्या लष्कराच्या मुदपाकखान्यात हा पदार्थ जन्मला, अशी परंपरागत समजूत आहे. मोठ्या देगेत मसाल्यांसह तासन्‌तास शिजलेले मटण किंवा बड्याचे मांस, वर तेलाची लाल तर्री, आणि सोबत तंदुरीतून निघालेली जाड, मऊ, पिवळसर नान. एकाच देगेतून शेकडो माणसे जेवावीत, रांगेत सरदाराला आणि शिपायाला तेच मिळावे, ही लष्करी सोय या पदार्थात आजही दिसते. लग्नाच्या जेवणावळीत तो त्याचसाठी टिकला.

मात्र त्या लाल तर्रीविषयी एक शंका घेतली पाहिजे. १३२७ साली हिंदुस्थानात मिरची नव्हतीच. ती अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती गोव्याच्या किनाऱ्याला लागली आणि तेथून घाटावर चढली. तेव्हा तुघलकाच्या शिपायांनी जे खाल्ले ते मिऱ्याचे असले पाहिजे. आजचा लालभडक खलिया त्याचा पुष्कळ नंतरचा वारस. कोरियाचीही तीच गत. किमचीच्या लाल रंगावाचून आज त्या देशाची कल्पना करवत नाही, पण तेथेही मिरची सोळाव्या शतकाच्या अखेरीस, बहुधा जपानमार्गे आली. यि सु-ग्वांग नावाच्या विद्वान अधिकाऱ्याने १६१४ साली 'जिबोंग युसोल' हा कोशवजा ग्रंथ लिहिला, त्यात या जपानी तिखटाची नोंद आहे. आणि याच ग्रंथात त्याने येशूसंघीय फादर मातेओ रिची यांच्या चिनी भाषेतील धर्मपुस्तकाचाही परिचय करून दिला. दीडशेहून अधिक वर्षांनी ज्या पुस्तकाने त्या पंडितांना आणि त्यांच्यामागून सायमन खाटकाला वाट दाखविली, ते हेच. मिरची आणि सुवार्ता एकाच पोथीत! आमच्या मते हा योगायोग प्रवचनात वापरण्याजोगा आहे, पण लोक मिरचीच लक्षात ठेवतील अशी भीती वाटते.

भाताविषयी थोडे. मराठवाडा ज्वारीचा. आमच्या लहानपणी भात आजाऱ्याला, पाहुण्याला किंवा नाताळला. १९७२ च्या दुष्काळात तर ज्वारीही गेली. अमेरिकेहून आलेली लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर घरे जगली, हे आमच्या आईने अनेकदा सांगितले. कोरियातही पांढरा भात गरिबाला दुर्मिळ होता. साठलेले तांदूळ संपले आणि जव अजून पिकलेला नाही, म्हणजे आपल्याकडे ज्याला सातू म्हणतात ते धान्य, अशा वसंतातल्या उपासमारीला ते 'जवाची खिंड' म्हणत. १९५० ते १९५३ च्या युद्धाने उरलेसुरले गेले. त्या युद्धानंतर कैद्यांची देखरेख करण्यास भारताने जे दल पाठविले, त्याचे प्रमुख कोल्हापूरकडचे जनरल थोरात होते. हजारो कैद्यांच्या छावण्या त्यांना सांभाळाव्या लागल्या. तेथे सरकारने आठवड्यातील काही दिवस उपाहारगृहांत भात विकण्यास बंदी घालण्याइतकी तंगी साठ-सत्तरच्या दशकांत होती. नव्या वाणाच्या जोरावर १९७७ च्या सुमारास देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. वाटीभर पांढरा भात आणि त्यावर मांस, हे त्यांच्या आजीला स्वप्नवत होते आणि आमच्याही.

हे सारे आम्ही पुढच्या भेटीत त्या घरी थोडक्यात सांगितले. मुलाला तराजूच्या संस्थेची गोष्ट आवडली. आईने सायमनचे नाव दोनदा विचारून घेतले. मग तिने तिच्या मनातले विचारले: उपवासकाळातल्या शुक्रवारी पोरगा हेच मागतो, तर सोयाबीनचा खिमा घालून केले तर चालेल का? आम्ही म्हणालो, न चालायला काय झाले; सोया सॉसही सोयाबीनचाच असतो आणि सोयाबीन तर आपल्याच शिवारात पिकते. फक्त तो खिमा आधी कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळा, आणि गूळ थोडा कमी घाला.